रिकाम्या हातानं चाळीस मिनिटं

नाशिकच्या ज्या खासगी दवाखान्यात मी एकवीस वर्षं नोकरी केली, तिथल्या पहिल्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात भिंतीच्या कडेनं दर पाच मीटरवर ऑइलपेंटचा एकेक लाल पट्टा होता. ते पट्टे मी मारले होते. एका रविवारी, वॉर्डबॉयला टेपचं दुसरं टोक धरायला लावून, स्वतःच्या हातानं. नवे पेशंट विचारायचे, "ह्या कसल्या रेघा?" मी सांगायची, "हे माझं यंत्र. दवाखान्यातली बाकीची यंत्रं डॉक्टरांची, एवढं एक माझं." आता तिथं चकचकीत टाइल्स बसवल्यात आणि पट्टे गेलेत. जाऊ देत. त्यांचं काम झालं.

मी फिजिओथेरपिस्ट. नव्वदच्या सुमाराला नोकरीला लागले तेव्हा हा शब्द धड उच्चारणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी होती. कुणी 'मालिशवाल्या बाई' म्हणायचं, कुणी 'शेक देणाऱ्या मॅडम'. एका आजींनी तर घरी जाताना मला प्रेमानं तिळाच्या तेलाची बाटली दिली होती, "तुमच्या धंद्याला उपयोगी पडेल" म्हणून. मला राग यायचा. मखमलाबादच्या पुढं कालव्याकाठी आमचा मळा. मेथी, कोथिंबीर, आणि दसरा-दिवाळीला झेंडू. आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. मी पुण्याला राहून पदवी घेतली, परीक्षेत एकदाही नापास झाले नाही. हे मी मिरवते. का मिरवू नये?

माझ्याकडे गुडघे यायचे, खांदे यायचे, अर्धांगवायूचे पेशंट यायचे. पण माझं खरं मन रमलं ते हार्ट अटॅकवाल्यांत. अटॅकमध्ये हृदयाचा जेवढा तुकडा मरतो तो परत येत नाही. पण जो राहिला त्याला कामाला लावता येतं, आणि त्याला कामाला लावायचं औषध म्हणजे चालणं. आधी खाटेवर उठून बसायचं, मग खाटेभोवती, मग व्हरांड्यात, मग जिना, मग रस्ता. असं वाढवत वाढवत रोज चाळीस मिनिटांवर आणायचं आणि मग ते जन्मभर सोडायचं नाही. पेशंट किती सुधारला हे बघायला माझी एक साधी परीक्षा होती. हातात स्टॉपवॉच घेऊन मी उभी राहायची आणि पेशंटनं सहा मिनिटांत, पळायचं नाही, जमेल तेवढं चालायचं. किती लाल पट्टे ओलांडले ते मोजायचे. झाली परीक्षा.

ऐकायला सोपं वाटतं ना? चालायला लावणं सोपंच असतं. पहिला महिना सगळे घाबरलेले असतात, सांगाल ते ऐकतात. अवघड असतो तिसरा महिना. तोवर माणसाला बरं वाटायला लागतं, आणि बरं वाटलं की तो चालणं सोडतो. गोळी चुकली तर घरचे ओरडतात, चालायला निघाला तर तेच घरचे दार अडवतात, "कशाला जिवाला त्रास?"

उलट्या तऱ्हेचेही होते. देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार मला आठवतात. त्यांना दहा मिनिटं सांगितली होती. ते बाराव्या दिवशी कॅम्पातून थेट नाशिकरोडला पायी जाऊन आले. वर मलाच म्हणाले, "मॅडम, दस मिनिट में तो मैं बूट की लेस बाँधता हूँ." त्यांच्यासाठी मी नियम सांगितला, तो पुढं सगळ्यांनाच सांगत गेले. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. गाता आलं तर फार हळू चाललात, बोलताही आलं नाही तर फार जोरात. सुभेदारांनी भर व्हरांड्यात चालत चालत गाऊन दाखवलं आणि तिसऱ्या ओळीला खोकले. तेव्हा कुठं त्यांना पटलं.

आणि एक सातपूरचे पगारे. कारखान्यात लेथवर कामाला. मी त्या काळी पेशंटना एक कार्ड देत असे. कार्डावर महिना, तारखांच्या एकतीस चौकटी आणि वर ठळक अक्षरांत प्रश्न, 'फिरायला गेलो का?' गेलात त्या दिवशी बरोबरची खूण करायची. पगाऱ्यांचं कार्ड पाहिलं तर एकही दिवस चुकलेला नव्हता. मी दोनदा पाहिलं.

"पगारे, फेब्रुवारीच्या तीस तारखेला कुठं फिरायला गेला होतात हो?"

रांगेतले सगळे हसले. पगारेही हसले. "मॅडम, खरं सांगू? सगळं आत्ता बसमध्ये भरलं. बस लय हलत होती, कुठं थांबायचं तेच कळलं नाही."

त्या दिवसापासून पगारे दर शनिवारी पहिली पाळी सुटली की युनिफॉर्मवरच व्हरांड्यात येऊन मला चालून दाखवायचे. चांगले बरे झाले. पण मी मात्र त्या दिवसापासून कुणाच्याच कार्डावर विश्वास ठेवेनाशी झाले. फेब्रुवारीची तीस तारीख हा आमच्या ओपीडीतला विनोदच होऊन बसला. त्या विनोदानं पुढं काय केलं, ते सांगण्यासाठीच हा सगळा प्रपंच.

त्याच वर्षी नवरात्रात माझ्या दादाला अटॅक आला.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. गाव त्याला नाना म्हणतं. वडील लवकर गेले, तेव्हा नववीतून शाळा सोडून तो मळ्यात उतरला. मी बारावी झाले तेव्हा भाऊबंद म्हणाले, आता पोरीचं लग्न उरकून टाका. दादा म्हणाला, "हिला शिकू द्या. मळ्याचं मी बघतो." एवढंच. भाषण नाही, काही नाही. पुण्याच्या एसटीत मला बसवून तो तसाच मळ्यात पाणी द्यायला परत गेला. माझ्या पदवीवर माझं नाव आहे, पण ती मला घरी न्यायची झाली तर आधी त्याच्या हातात द्यावी लागेल, हे मला तेव्हाही कळत होतं.

झेंडूची तोडणी चालू होती. दादाच्या छातीत भरून आलं. त्यानं पित्त झालं म्हणून सोडा प्यायला. वहिनीनं ऐकलं नाही. फुलं घेऊन बाजाराला निघालेल्या टेम्पोत तिनं त्याला पाट्यांच्या मधे निजवलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "मार्केट नंतर, आधी मंदाचा दवाखाना." केसांत झेंडूच्या पाकळ्या अडकलेला दादा स्ट्रेचरवरून मला म्हणाला, "मंदे, काय नाय झालेलं. तुझा दवाखाना बघायचा राहिला होता म्हणून आलो."

गाठ विरघळवायचं इंजेक्शन वेळेत मिळालं. दादा वाचला. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदयाचा मोठा भाग दुबळा झालाय, आता गोळ्या आणि चालणं या दोन्हींवर त्याचं पुढचं आयुष्य आहे. यातलं एक सुटलं तर मला विचारू नका. घरी जाण्याआधी दादा माझ्या परीक्षेला उभा राहिला. सहा मिनिटांत साठ पट्टे. बेताचे, पण सुरुवातीला ठीक. मी त्याला कार्ड दिलं, रोज सकाळी मळ्यापासून गावातल्या पारापर्यंत जायचं आणि परत यायचं असं ठरवून दिलं. येऊन जाऊन चाळीस-पंचेचाळीस मिनिटं सहज होतात. मनाशी म्हटलं, शंभर परक्यांना चालतं केलं, हा तर घरचा.

दोन महिन्यांनी तो तपासणीला आला. कार्डाच्या दोन्ही बाजूंना एकेक महिना भरलेला, एकही दिवस रिकामा नाही. माझ्या अंदाजानं आता नव्वदच्या आसपास पट्टे व्हायला हवे होते. झाले सत्तावन्न. साठाचे सत्तावन्न! दम लागून तो भिंतीला टेकला. मी घाबरले, आणि भीती वाटली की मी ओरडते. ही माझी जुनी खोड.

"दादा, निदान माझ्याशी तरी खोटं बोलू नकोस. ही काय फेब्रुवारीची तीस तारीख आहे का?"

रांगेतल्या लोकांना तो विनोद माहीत होता. ते हसले. दादाला माहीत नव्हता, पण आपल्यावर हसतायत एवढं त्याला कळलं.

"मी गेलो होतो," तो म्हणाला. "रोज गेलो होतो. एक दिवस चुकलो नाय."

"मग हे सत्तावन्न कुठून आले?"

त्यानं कार्डाची नीट घडी घातली, माझ्या टेबलावर ठेवली, टोपी डोक्यावर बसवली आणि गेला. वहिनी त्याच्यामागं निघाली. दारातून तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं.

पंधरा दिवसांनी गावातल्या एसटीडी बूथवरून वहिनीचा फोन आला. "वन्सं, गोळ्या घेतात. पण चालणं बंद. ओट्यावर बसून असतात. म्हणतात, बहिणीनं एवढं शिकून मला चारचौघांत खोटारडा ठरवला. आता चालून कुणाला दाखवू?"

हा फोन ठेवून मी बसले होते तेव्हा पगारे आले. शनिवार होता. मला बोलायचं नव्हतं, पण बोलले. एका लेथवाल्याला मी माझ्या भावाची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, रागावू नका. आमच्यात जॉब मापात नाही आला, तर शहाणा सुपरवायझर आधी ऑपरेटरवर ओरडत नाही. मशीनपाशी जाऊन उभा राहतो. बघतो, कुठं काय सरकलंय. तुम्ही मशीन पाहिलं का?"

मी पाहिलं नव्हतं. माझ्या गावच्या रस्त्यावरून दादा कसा चालतो, हे मी व्हरांड्यात बसून ठरवलं होतं.

संक्रांत जवळ आली होती. सुटी टाकून मी मळ्यात गेले. दादा ओट्यावर होता. "ये," म्हणाला आणि मेथीच्या वाफ्याकडे बघत बसला.

"दादा, मला एकदा दाखव, तू कसा जात होतास ते."

"तपासायला आली का?"

"नाही. मला कळलं नाही म्हणून आले. चुकलं माझं."

दादाला हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. वहिनी आतून म्हणाली, "उठा की आता. बहिणीला पायऱ्या झिजवायला लावता का?" तेव्हा तो उठला.

आम्ही कालव्याच्या रस्त्याला लागलो. पन्नास-साठ पावलं गेलो असू, मागून एक स्कूटर आली आणि थांबली. गावातलाच सदाशिव.

"काय नाना! अटॅक येऊन गेला ना तुम्हाला? अन् पायी? बसा, बसा."

"नको रे. जरा हे आपलं..." दादा तोंडातल्या तोंडात म्हणाला.

"हे आपलं काय! आमच्या देखत नाना पायी जाणार? लोक काय म्हणतील मला? ताई, तुम्ही पण बसा. तिघं जाऊ."

मी सदाशिवला कसाबसा वाटेला लावला. तेवढ्यात लूनावरून दूधवाला. "नाना, कॅना पुढं घेतो, मागं जागा हाय." मग ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाल्यानं तर उतरून दादाचा हातच धरला. पारापर्यंतच्या रस्त्यात सात गाड्या थांबल्या. प्रत्येक माणूस काळजीनं थांबला होता, आणि एकही जण 'नको' ऐकून घ्यायला तयार नव्हता.

सातवी गाडी गेल्यावर दादा म्हणाला, "रोज असंच. जाताना एक गाडी, येताना एक. माणूस प्रेमानं थांबतो, त्याला नाय कसं म्हणायचं? तुझ्या कार्डावर लिहिलं होतं, फिरायला गेलो का. गेलो होतो. खरं तेच लिहिलं मी."

मी रस्त्यात उभी राहिले. दोन महिने दादा रोज सकाळी घरातून निघत होता, पारावर पोचत होता, परत येत होता, आणि शे-दीडशे पावलांपलीकडे चालत नव्हता. पगाऱ्यांनी खोटी उत्तरं दिली ती मी पकडली. दादानं खरं उत्तर दिलं, पण प्रश्नच खोटा होता, आणि तो मी छापला होता.

"अरे पण मग स्पष्ट सांगायचं ना, मी फिरायला निघालोय म्हणून!"

दादानं वाफ्यांकडे हात केला. बाया वाकून मेथी उपटत होत्या, जुड्या बांधत होत्या. "त्यांच्या समोरून? त्या कंबर मोडून काम करतायत, अन् मी हात हालवत सांगत जाऊ, फिरायला चाललोय? डोक्यावर पाटी नाय, हातात खुरपं नाय. मंदे, चाळीस वर्षांत मी या रस्त्यानं रिकाम्या हातानं कधी गेलेलो नाय."

शहरात गोल्फ क्लबच्या मैदानावर पांढरे बूट घालून गोल गोल फिरणारी माणसं डोळ्यांपुढं ठेवून मी सगळ्यांना चालायला सांगत होते. मळ्यातला माणूस कारणाशिवाय चालला तर त्याला लाज वाटते, हे मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती. मी तिथलीच. पण पदवीबरोबर मी एवढं विसरून आले होते.

मग आम्ही तिघांनी मिळून डोकं चालवलं. दादा पिशवी घेऊन निघाला, लोक म्हणाले, "पिशवी मांडीवर घ्या, बसा." दुधाची किटली घेतली, "हिंदकळेल, बसा." शेवटी फावडं खांद्यावर टाकलं, तर सदाशिवनं रस्त्यात गाडी आडवी घातली. "अटॅक आलेल्या माणसाच्या खांद्यावर फावडं? वहिनीला काही कळतं का नाय?" म्हणून फावडं काढून घेतलं आणि घरी आणून वहिनीच्या पुढ्यात ठेवलं, वर तिला चार शब्द सुनावले.

तो गेल्यावर वहिनी फावड्याकडे बघत कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "कालवड घेऊन जा. बघू तिला कोण गाडीवर बसवतंय."

गोठ्यात ढवळी होती, नऊ-दहा महिन्यांची, अंगात नुसती उसळी. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला ते पटेना. दाव्याला हिसका बसला तर? मी अटी घातल्या. दावं मनगटाला गुंडाळायचं नाही. ओढायला लागली तर सोडून द्यायचं. आणि बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये.

"भजन?" दादानं विचारलं.

"भजनही नाही."

पहिले चार दिवस ढवळी दर दहा पावलांवर गवताला तोंड लावायची. मग दादानं निघण्याआधी तिला वैरण टाकायला सुरुवात केली, आणि ती जी चालायला लागली ती त्याला सोबत घेऊन. रस्त्यात गाड्या यायच्या, हळू व्हायच्या. "काय नाना?" "कालवड नेतोय." "बरं, बरं." गाडी पुढं. कालवड कुठं नेतोय आणि का नेतोय, हे कुणी विचारत नव्हतं. दावं हातात असलेला माणूस कामावर असतो.

उन्हाळा लागता लागता दादा परत व्हरांड्यात आला. मी स्टॉपवॉच दाबलं. सहा मिनिटं संपली तेव्हा तो एक्याऐंशीव्या पट्ट्यावर होता, आणि भिंतीला टेकला नाही. मी बाहेर रांगेत गेले. त्यात त्या दिवशीचे हसणारे दोघे-तिघे होते. त्यांच्यासमोर मी सांगितलं, "हे माझे मोठे भाऊ. मागे मी यांना इथं खोटं पाडलं. ते खरं बोलत होते. चूक माझी होती." दादा अवघडून म्हणाला, "पुरे गं, लोकांना उशीर होतोय." पण टोपी काढून त्यानं पुन्हा नीट बसवली.

कार्ड मी बदललं. नवा प्रश्न, 'न थांबता, स्वतःच्या पायांनी किती मिनिटं चाललात?' आणि खाली दुसरा, 'वाटेत कुणाच्या गाडीवर बसलात का?' डॉक्टर ते वाचून खो खो हसले. मी म्हटलं, छापा तर खरं. महिनाभरात कळवणकडच्या एका शेतकऱ्याचं कार्ड आलं. दुसऱ्या प्रश्नापुढं सलग एकवीस दिवस 'होय'. मग दिंडोरीच्या एका बाईंचं. मग एका गावच्या सरपंचांचं, त्यांना तर चालूच देत नव्हते. हे सगळे माझ्याकडून आधी बोलणी खाऊन गेलेले. त्यांना मी काय काय म्हणाले होते, ते आठवून आजही बरं वाटत नाही. काही परत आले. जे आले नाहीत, त्यांचं काय झालं मला माहीत नाही.

दोन-सव्वादोन वर्षं ढवळीनं दादाला चालवलं. पट्टे पंच्याण्णवपर्यंत गेले. आणि मग ढवळी गाभण राहिली. दिवस भरत आले तशी तिला रस्त्यानं नेणं बंद झालं. दुसरी कालवड गोठ्यात नव्हती. इतक्या पेशंटचं पाहिलं होतं. एक खंड पडला की सगळं सुटतं.

दादानं काय करावं? नुसतं दावं घेऊन निघाला. ते तर भलतंच झालं. मोकळं दावं हातात बघून लोक थांबायला लागले, "नाना, सुटली का काय? कुठल्या अंगाला गेली? बसा, शोधू." दोघंजण तर कालव्याच्या काठानं पार पुढच्या मोरीपर्यंत ढवळीला शोधून आले, आणि ढवळी घरी सावलीत रवंथ करत बसलेली.

त्या रविवारी मी मळ्यात होते. सकाळी दादा निघाला, दारात थांबला. हातातल्या दाव्याकडे बघितलं आणि ते खुंटीला अडकवलं. दोन्ही हात मोकळे. ते हात कुठं ठेवावेत हे त्याला समजेना. मागं बांधले, सोडले, सदऱ्याच्या खिशात घातले. "चल," मला म्हणाला.

पहिल्या वळणालाच सदाशिव. स्कूटर जाऊन आता मोटरसायकल आली होती, बाकी सदाशिव तोच. "नाना, बसा. कुठं सोडू?"

दादा थांबला. शेजारच्या वाफ्यात बाया वाकलेल्या होत्या. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो म्हणाला, "कुठं नाय. फिरायला चाललोय."

"फिरायला? काही काम...?"

"काम नाय. चाललं की मला बरं वाटतं, म्हणून चाललोय."

वाफ्यातल्या बायांनी माना वर केल्या. सदाशिव गाडी चालू ठेवून नुसता बघत होता. दादाची मान लाल झाली. मला वाटलं, आता हा मागं फिरतो. आयुष्यात त्यानं जे केलं ते घरासाठी, मळ्यासाठी, माझ्यासाठी. फक्त स्वतःसाठी म्हणून केलेली आणि चारचौघांत कबूल केलेली ही त्याची पहिलीच गोष्ट असावी.

वाफ्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं कंबर सरळ केली, मेथीची जुडी हातात तशीच धरून ओरडली, "जावा नाना, जावा! अन् आमच्या वाटणीचं पण फिरून या!"

बाया हसल्या. सदाशिव हसला. आणि दादाही हसला, हात खिशातून निघाले, आणि तो जो सुटला तो असा की मी मागं पडले. ढवळी असती तर तिलाही पळावं लागलं असतं. मी पदर खोचून त्याला गाठायला बघत होते, चप्पल सटकत होती, कपाळावर घाम. पन्नास पावलं पुढं जाऊन त्यानं वळून पाहिलं.

"काय मंदे, गाणं म्हणता येतं का बघ!"

गाणं सोडाच, मला बोलताही येत नव्हतं. दहा-अकरा वर्षं मी स्टॉपवॉच धरून एका जागी उभी होते, आणि व्हरांड्यातून लोक चालत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ढवळीची नात गोठ्यात आहे; तिला कुणी फिरायला नेत नाही, दादा एकटाच जातो आणि रस्त्यावर कुणी त्याला बसा म्हणत नाही. माझं म्हणाल, तर त्या सोमवारी ओपीडी उघडल्यावर मी कपाटातून एक कोरं कार्ड काढलं आणि पेशंटच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. आठवड्याभरानं दादा ते तपासायला आला होता. बोट ठेवून त्यानं एकेक चौकट बघितली, आणि खालच्या प्रश्नापाशी थांबला.

"बुधवारी गाडीवर बसली?"

"बसले," मी म्हटलं.

"खरं लिहिलंस," दादा म्हणाला. "आता उद्यापासून चाल."